उच्चदाब विजेचे अपघात : देहावरील खुणा आणि लाइनची स्थिती

जनित्राच्या विजेने झालेला पहिला नोंदलेला मृत्यू १८७९ मधला. फ्रान्समधील ल्यों येथे रंगमंचावर काम करणारा सुतार २५० व्होल्टच्या धक्क्याने दगावला. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाचे डॉक्टर श्टेफान येलिनेक यांनी अशा जखमांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. मध्ये खोलगट, कडेने उंचावलेला फिकट डाग ही विजेची खूण मानली जाऊ लागली, ती तेव्हापासून.

या खुणेवर फार विसंबणे मात्र धोक्याचे. तसा डाग मृत्यूनंतरही उमटू शकतो, आणि ओल्या अंगावर कधी उमटतच नाही. कोरड्या त्वचेचा रोध लाखभर ओहम असू शकतो, भिजल्यावर तो हजारावर येतो. ११ केव्हीवर (११ हजार व्होल्ट) तर तारेला हातही लागावा लागत नाही. ठिणगी हवेतून झेपावते आणि मगरीच्या कातडीसारखे असंख्य ठिपके पडतात. वरचा डाग लहान, आत स्नायू शिजलेले. वाचलेल्या कामगाराची लघवी चहाच्या रंगाची झाली, तर मूत्रपिंडे धोक्यात आहेत असे समजावे.

गोव्यात १९६३ पासून वीज खाते आहे. इथल्या जांभ्या दगडात अर्थिंगचा रोध जास्त राहतो. त्यामुळे तार तुटून पडली तरी जमिनीत जाणारा दोषप्रवाह कमी भरतो आणि रिले, म्हणजे दोष ओळखून पुरवठा तोडायला लावणारे उपकरण, पडेलच असे नाही; तार जिवंतच राहू शकते. लाइन जिवंत असण्याचे दुसरे कारण पावसाळ्यातले : लाइन बंद असताना कोणाच्या घरचा जनरेटर चेंजओव्हर स्विचशिवाय (घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच) चालू झाला, तर २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे चढून वर सुमारे १० हजार होतात. लाइन क्लिअर, म्हणजे लाइन बंद केल्याचे परमिट, घेऊनही लाइनमन दगावतो, तो असा. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग रॉड (तारा जमिनीशी जोडणारा दांडा) लावलेला असेल तरच तो वाचतो.

म्हणून शवचिकित्सेआधी अपघाताची जागा नीट तपासावी लागते. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार अपघाताची सूचना देणे बंधनकारक आहे, चौकशी विद्युत निरीक्षक करतो. पुरवठा सुरू करण्यापूर्वी एबी स्विच (खांबावरून लाइन तोडणारा स्विच) आणि डीओ फ्यूजची (वितळल्यावर खाली लोंबणारा फ्यूज) स्थिती, रॉड कुठे होते, परमिटवरची वेळ आणि उपकेंद्रातील रिलेची नोंद पंचनाम्यात यायला हवी. हातमोजे, बूट, पक्कड आणि कपडे कागदी पिशवीत, वेगवेगळे. डागातील धातुकण अ‍ॅल्युमिनियमचे की तांब्याचे हे पाहताना त्याच देहावरची जखम नसलेली त्वचाही तपासावी, कारण लाइनमनच्या हाताला दोन्ही धातू रोजच लागतात.