थांबलेले घड्याळ (कलेतील प्रतीक)

थांबलेले घड्याळ : साहित्य, चित्रकला, छायाचित्रण, संगीत व चित्रपट यांत वारंवार येणारे एक प्रतीक. बंद पडलेली, मुद्दाम बंद केलेली, काटे नसलेली किंवा काटे मोडलेली घड्याळे या प्रकारात येतात. चालत्या घड्याळाची परंपरा वेगळी. केशवसुतांच्या कवितेतले ‘आला क्षण, गेला क्षण’ असे बजावणारे घड्याळ त्या परंपरेतले. चालते घड्याळ माणसाच्या मागे घाई लावते. थांबलेले घड्याळ बहुधा एखाद्या नेमक्या घटनेकडे बोट दाखवते. ते कोणी थांबवले की आपोआप थांबले, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. समीक्षेत मात्र दोन्हींची सर्रास गल्लत होते.

भारतात या प्रतीकाची सर्वांत प्रसिद्ध कथा काट्यांच्या घड्याळाची नाही, घटिकापात्राची आहे. घटिकापात्र म्हणजे बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी. ती पाण्यावर सोडली की छिद्रातून हळूहळू पाणी आत येते आणि एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, ती बुडते. आख्यायिका अशी : भास्कराचार्यांनी (जन्म १११४) मुलगी लीलावती हिच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी असे पात्र मांडले. ती कुतूहलाने वाकून पाहू लागली, तिच्या अंगावरचा एक मोती वाटीत पडला, छिद्र बुजले. वाटी बुडलीच नाही आणि मुहूर्त टळून गेला. मुलीची समजूत काढण्यासाठी पित्याने गणिताच्या ग्रंथाला तिचे नाव दिले. महाराष्ट्रात ही गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते, पण तिला खुद्द भास्कराचार्यांचा आधार नाही. ग्रंथात ना मोती आहे ना लग्न. काही उदाहरणे ‘बाले’, ‘सखे’ अशा संबोधनांनी घातलेली आहेत, इतकेच. कथा आढळते ती अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केलेल्या फार्सी भाषांतरात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. तरीही रचना म्हणून ती पक्की आहे. वाटी अडली, काळ अडला नाही, आणि लीलावतीचे नुकसान झाले ते नेमके त्यामुळेच.

इंग्रजी साहित्यात अशीच एक वधू चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६०–६१) या कादंबरीत भेटते. लग्नाच्या दिवशी नऊला वीस मिनिटे कमी असताना नवऱ्या मुलाचे लग्न मोडल्याचे पत्र येते. मिस हॅविशॅम घरातली सगळी घड्याळे त्याच वेळेवर थांबवते आणि पुढची अनेक वर्षे अंगावरचा लग्नाचा पोशाखही उतरवत नाही. येथे घड्याळ अपघाताने थांबलेले नाही, ते हट्टाने थांबवलेले आहे. डिकन्सची खरी करामत मात्र घड्याळापेक्षा पायात आहे. पत्र आले तेव्हा तिने एकच बूट चढवला होता; दुसरा अजून टेबलावर तिच्या हाताशी पडलेला दिसतो. लहानगा पिप बिनबुटाच्या पायाकडे पाहतो, तर एके काळी पांढरा असलेला रेशमी मोजा पिवळा पडला आहे आणि चालून चालून फाटला आहे. घड्याळाला दिलेला हुकूम मोज्याने काही मानलेला नाही.

घरात मृत्यू झाला की घड्याळ थांबवण्याची प्रथा युरोपात होती. डब्ल्यू. एच. ऑडेनच्या प्रसिद्ध शोककवितेची सुरुवातच सगळी घड्याळे बंद करा, या आज्ञेने होते. १९३६ मध्ये एका नाटकासाठी लिहिताना तिचा सूर उपहासाचा होता, हे १९९४ च्या ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ चित्रपटातून ती ऐकलेल्यांना सहसा ठाऊक नसते.

आपोआप थांबलेले घड्याळ साक्षीदाराचे काम करते. रहस्यकथांनी त्याचा इतका वापर केला की अखेर ते खोटे बोलू लागले : अगाथा ख्रिस्तीच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’मध्ये (१९३४) मृताच्या खिशातले सव्वा वाजता थांबलेले घड्याळ हा मुद्दाम पेरलेला पुरावा असतो. ‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये (१९८५) विजेने बंद पडलेले मनोऱ्यावरचे घड्याळ नायकाला वीज कोसळण्याची अचूक वेळ पुरवते, बाकी काही नाही. या प्रकाराचा सर्वांत गंभीर नमुना जपानी छायाचित्रकार शोमेई तोमात्सू यांचे १९६१ चे छायाचित्र हा होय. ११ वाजून २ मिनिटांवर थांबलेले एक मनगटी घड्याळ, एवढाच त्याचा विषय. शीर्षकात ते कोठे सापडले हे कोरडेपणाने सांगितले आहे : नागासाकी, स्फोटकेंद्रापासून सुमारे ०.७ किलोमीटरवर. ९ ऑगस्ट १९४५ ची वेळ त्यात आहे, पण चित्र स्फोटानंतर सोळा वर्षांनी काढलेले आहे.

बिनकाट्यांचे घड्याळ ही यापुढची पायरी, कारण त्यात बोट दाखवायला वेळच उरत नाही. पॉल सेझानच्या ‘काळे घड्याळ’ (सु. १८७०) या स्थिरचित्रातील घड्याळ त्याचा मित्र एमिल झोला याचे, त्याच्या तबकडीवर काटे रंगवलेलेच नाहीत. इंगमार बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ (१९५७) चित्रपटात म्हातारा नायक स्वप्नात रस्त्यावरचे बिनकाट्यांचे घड्याळ पाहतो, खिशातले काढून बघतो, तर त्यालाही काटे नाहीत. ऐकू येतात ते हृदयाचे ठोके. विल्यम फॉकनरने ‘द साउंड अँड द फ्युरी’मध्ये (१९२९) याच कल्पनेला वेगळी कलाटणी दिली. क्वेंटिन आजोबांच्या घड्याळाची काच फोडतो, काटे उपटून टाकतो, तरी टिकटिक चालूच राहते. या तिघांत फॉकनरचे घड्याळ सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. साल्वादोर दालीची लोंबणारी घड्याळे (१९३१) प्रसिद्धीने या सर्वांवर मात करतात; पण ती थांबली आहेत की मऊ होऊनही चालू आहेत, हे चित्रावरून ठरवता येत नाही.

हिंदी चित्रपटात ‘साहिब बीबी और गुलाम’मधला (१९६२) घडीबाबू याच्या अगदी उलट आहे. हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांनी रंगवलेला हा वेडसर माणूस घड्याळांत रमतो आणि काळ संपत आल्याचे बडबडत राहतो. तिथे घड्याळे चालू आहेत, थांबली आहे ती जमीनदाराची हवेली.

संगीताची अडचण अशी, की थांबलेले घड्याळ ऐकू येत नाही. हेन्री क्ले वर्क याने १८७६ च्या ‘माय ग्रँडफादर्स क्लॉक’ या गीतात ती शब्दांवर निभावली : आजोबांच्या जन्माच्या दिवशी घरी आलेले घड्याळ त्यांच्या मृत्यूबरोबर कायमचे बंद पडते. उंच उभ्या लंबकाच्या घड्याळाला इंग्रजीत ‘ग्रँडफादर क्लॉक’ हे नाव रूढ झाले ते याच गाण्यामुळे. जॉर्जी लिगेतीने १९६२ मध्ये थांबण्याच्या क्रियेचीच रचना केली. चावी दिलेले १०० मेट्रोनोम, म्हणजे संगीतात ताल धरण्यासाठी ठरावीक गतीने टिकटिकणारी यंत्रे, वेगवेगळ्या गतींवर एकदम सुरू करायचे. आरंभी नुसता कडकडाट, मग एकेकाची चावी संपत गेली की लयी सुट्या होऊन ऐकू येतात आणि शेवटी एकटाच टिकटिकत राहतो. १९६३ मध्ये नेदरलँड्समधील हिल्व्हर्सम येथे पहिला प्रयोग झाला तेव्हा श्रोते खवळले. त्याचे ठरलेले दूरचित्रवाणी प्रक्षेपणही रद्द करण्यात आले.