दंड जाड म्हणून खुर्ची सुसाट?

‘व्हीलचेअरवरच्या खेळात सगळा खेळ दंडांचा, ज्याचे दंड जाड, तोच पहिला सुटणार’ असं वर्षानुवर्षं फिरतंय. दिसायला पटतंही, कारण आपल्याला हातच चालताना दिसतात.

पण प्रवेग म्हणजे बल भागिले वस्तुमान. ढकलायचं असतं ते खेळाडू आणि खुर्ची यांचं एकत्रित वजन. दंड वाढले आणि वजनही तेवढंच वाढलं, तर हाती फारसं लागत नाही.

दुसरं, धड. थांबलेल्या खुर्चीला पहिला जोरकस धक्का देताना खेळाडू पुढे झुकतो. पोट-पाठीचे स्नायू साथ देत नसतील तर त्याच धक्क्यानं धड मागे ढकललं जातं आणि जोर वाया जातो. म्हणूनच व्हीलचेअर रग्बीत खेळाडूंचं शारीरिक क्षमतेनुसार वर्गीकरण करून त्यांना 0.5 ते 3.5 गुण देताना हातांबरोबर धडाचं नियंत्रणही तपासतात.

वेग आल्यावर गणित पुन्हा बदलतं: चाकाला लावलेलं, हातानं ढकलायचं कडं हाताखालून इतक्या झपाट्यानं सरकतं की जोर लावायला क्षणभरच मिळतो. तिथे ताकदीइतकीच हाताची चपळाई लागते.

पडताळायचंय? एकाच खेळाडूची पहिल्या 5 मीटरची आणि पूर्ण 20 मीटरची वेळ मोजा. मग छातीचा पट्टा सैल करून, किंवा टायरमधली थोडी हवा काढून, पुन्हा मोजा. दंड तेच असतील, आकडे बघा.