लमसम की आयटम रेट: घराच्या नूतनीकरणाचे दोन करार आणि कंत्राटदाराची पारख

घराचे नूतनीकरण करायचे ठरले की दोन-तीन कंत्राटदारांकडून दरपत्रके मागवली जातात आणि प्रत्येकाच्या शेवटच्या बेरजेवर बोट ठेवून तुलना सुरू होते. पुण्यातील कोथरूड, सहकारनगर किंवा सिंहगड रस्ता या भागांतील तीस-चाळीस वर्षे जुन्या सदनिकांमध्ये अशी कामे सतत निघत असतात आणि बहुतेक वाद याच बेरजेपाशी सुरू होतात. कारण त्यांपैकी एक कागद लमसमचा आणि दुसरा आयटम रेटचा असेल, तर दोन्हींची बेरीज शेजारी ठेवण्याला काहीच अर्थ नसतो.

लमसम म्हणजे ठरलेले काम ठरलेल्या ठोक रकमेत पूर्ण करून देणे. टाइल अंदाजापेक्षा जास्त लागली तर भुर्दंड कंत्राटदाराला, कमी लागली तर बचतही त्याचीच. आयटम रेटमध्ये रक्कम ठरत नाही, दर ठरतो: फरशी चौरस फुटाला, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) रनिंग फुटाला, म्हणजे लांबीच्या फुटाला, नळाचा किंवा विजेचा पॉइंट नगाला. काम झाल्यावर टेप लावायची आणि जेवढे भरेल तेवढ्याचे पैसे द्यायचे. अशा दरपत्रकात लिहिलेली मापे हा केवळ अंदाज असतो आणि म्हणून त्याखालची बेरीजही अंदाजच असते.

घोटाळा होतो तो दोन्ही कागद दिसायला सारखे असल्यामुळे. लमसमच्या कागदातही कामांची यादी असते, मापे असतात, कधी दरही असतात, आणि आयटम रेटच्या कागदातही शेवटी ठळक अक्षरांत एकूण रक्कम असते. फरक असतो तो तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेल्या ‘बिल प्रत्यक्ष मापानुसार’ अशा एका ओळीत. ती ओळ असेल तर वरची बेरीज कुणावरही बंधनकारक नाही. ‘कार्पेट एरियाच्या चौरस फुटाला अमुक रुपये’ असा दर तर आणखी फसवा. तो आयटम रेटसारखा वाटतो खरा, पण घराचा कार्पेट एरिया कामामुळे वाढत-घटत नाही, त्यामुळे तो वेश बदललेला लमसमच होय.

आयटम रेटमध्ये लक्ष ठेवायचे ते मापावर. सात फूट बाय चार फुटांच्या न्हाणीघराला सात फूट उंचीपर्यंत टाइल लावायची आहे असे धरू. चारही भिंतींची लांबी मिळून 22 फूट होते, म्हणजे 154 चौरस फूट. पण अडीच फूट रुंद दरवाजाची जागा वजा केली की 136.5 चौरस फूटच उरतात. ही साडेसतरा चौरस फुटांची वजावट धरायची की नाही, हे करारात लिहिलेले नसेल तर शेवटच्या बिलात ती बहुधा धरलेली नसते. प्लास्टरच्या मोजणीसाठी आयएस 1200 या भारतीय मानकात यासंबंधी स्पष्ट नियम आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या मोकळ्या जागेची वजावट नाही, तीन चौरस मीटरपर्यंत भिंतीच्या एकाच बाजूची, आणि त्याहून मोठी असल्यास दोन्ही बाजूंची वजावट करून कडांचे माप वेगळे धरायचे. घरगुती कामात हे मानक कुणी सहसा उघडत नाही, परंतु ‘मोजणी आयएस 1200 प्रमाणे’ एवढी ओळ करारात घातली तर चर्चा भांडणावर जात नाही.

टाइलच्या खोक्याचीही अशीच एक गंमत आहे. बोलण्यात ‘दोन बाय दोन’ म्हटली जाणारी टाइल प्रत्यक्षात 600 मिलिमीटरची असते. चार टाइलच्या खोक्यावर 1.44 चौरस मीटर छापलेले असते, म्हणजे सुमारे साडेपंधरा चौरस फूट. तेच खोके सोळा फुटांचे धरून बिल केले तर शंभर खोक्यांमागे पन्नास चौरस फूट फुकट वाढतात. हे लबाडीनेच होते असे नाही, अनेक मिस्त्री सवयीने तसे मोजतात, पण पैसे घरमालकाचे जातात.

लमसममध्ये याच्या उलट मापाची चिंता नसते, पण काय आणि कोणत्या दर्जाचे बसवायचे, यावर सगळे अवलंबून असते. रक्कम बांधलेली असल्यामुळे कंत्राटदाराची बचत दर्जा उतरवण्यातूनच होऊ शकते. ‘चांगल्या प्रतीचे प्लायवुड’ या शब्दांना काहीही किंमत नाही. ‘आयएस 710 चे मरीन प्लाय, 18 मिलिमीटर, शिक्का दिसेल असे’ याला आहे. रंगकामात लांबी (पुट्टी) किती वेळा, प्रायमर कोणता आणि रंगाचे हात किती, हे लिहावे. ओट्यावर ग्रॅनाइट कोणते आणि त्याखाली कडप्पा आहे का, तेही लिहावे. राडारोडा खाली उतरवून वाहून नेण्याचा खर्च कुणाचा आणि सोसायटीने लिफ्टसाठी मागितलेली अनामत कोण भरणार, या गोष्टी लमसमच्या यादीत बहुतेक वेळा गायब असतात आणि नंतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून परत येतात.

जुन्या सदनिकेत आणखी एक अडचण असते. फरशी उखडेपर्यंत खालचे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप किती गंजले आहेत आणि जुना कोबा (फरशीखालचा थर) किती शिल्लक आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. अशा कामाला जो कंत्राटदार घर न पाहता, फोनवरच ठोक आकडा सांगतो, त्याने एकतर भरपूर मार्जिन ठेवले आहे किंवा पुढे हात वर करायचे ठरवले आहे. माझ्या मते जुन्या घरासाठी मिश्र करार सर्वांत बरा: जे डोळ्यांना दिसते ते लमसममध्ये, आणि प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, विजेची वायर यांसारखे झाकलेले काम आयटम रेटने, पण दर आधीच लिहून. निव्वळ आयटम रेटची शिफारस करणारे पुष्कळ आहेत, मात्र रोज साइटवर जाऊन मापे घेणारे घरात कुणी नसेल तर तो करार नावापुरताच पारदर्शक राहतो.

माणसाची पारख करायची तीही कराराच्या जातीप्रमाणे. आयटम रेटवाल्याला जुन्या कामाची मेजरमेंट शीट दाखवायला सांगावी. ज्याच्याकडे ती आहे आणि जो ‘दोघांनी मिळून टेप लावू, दोघे सही करू’ असे आपणहून म्हणतो, तो भरवशाचा समजावा. लमसमवाल्याचे निदान एक पावसाळा उलटलेले न्हाणीघर पाहून यावे, आणि ते ज्याच्या डोक्यावर आहे त्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही विचारावे. त्याचे छत कोरडे आहे की नाही, हे तो आडपडदा न ठेवता सांगतो.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा क्रमांक इथे फारसा उपयोगी नाही, कारण ती नोंदणी विक्रीच्या प्रकल्पांची आणि एजंटांची असते, घरातल्या दुरुस्तीच्या कंत्राटदाराची नव्हे. जीएसटी मात्र पाहावा. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक 27 ने सुरू होतो आणि पोर्टलवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते कळते. साहित्यासह केलेल्या अशा कामावर सर्वसाधारणपणे 18 टक्के कर लागतो, त्यामुळे एकाचा आकडा करासह आणि दुसऱ्याचा ‘जीएसटी वेगळा’ असेल तर स्वस्त वाटणारा कागद महाग निघू शकतो. नोंदणीच नसलेल्याला बिलात कर लावता येत नाही.

हप्ते मात्र दोन्ही करारांत तारखेवर नव्हे, कामाच्या टप्प्यांवर बांधावेत. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल लावण्याआधी किमान 48 तास पाणी साठवून ठेवावे, खालच्या घरात ओल उतरत नाही याची खात्री करावी, आणि त्यानंतरच त्या टप्प्याचा हप्ता द्यावा. एकूण रकमेचा पाच ते दहा टक्के भाग काही महिने हातात ठेवण्याची अट घालावी आणि ती रक्कम कोणत्या तारखेला द्यायची हेही त्याच कागदावर लिहावे, म्हणजे ती मागताना कंत्राटदाराला खेटे घालावे लागत नाहीत.