जिवंत उंदीर की फ्रीजरमधला? पाळीव सापाच्या जेवणामागची गोष्ट

पाळलेल्या सापाला उंदीर जिवंत द्यायचा की मेलेला, फ्रीजरमध्ये गोठवलेला, यावर अमेरिका-इंग्लंडमधले साप पाळणारे आजही तावातावाने भांडतात, आणि दोन्ही बाजूंना वाटतं आपलंच बरोबर.

१८४९ मध्ये लंडनच्या झूमध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातलं पहिलं वेगळं घर उघडलं. तेव्हा ससे, गिनीपिग, पक्षी जिवंतच आत सोडायचे आणि लोक काचेला नाक लावून बघत बसायचे. यावर ओरड झाली ती सशाची दया येऊन, शिवाय बघणाऱ्यांच्या मनावर काय परिणाम होईल म्हणून. सापाला काही होईल का, हा मुद्दाच नव्हता.

घरात साप ठेवायचा तर दर वेळी ससा कुठून आणणार? इथे लॅब कामी आली. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावात ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाईंनी १९०० च्या सुमारास शौकिनांसाठी रंगीत उंदीर वाढवायला घेतले, पण खरं गिऱ्हाईक मिळालं ते शास्त्रज्ञांचं. डब्यात ठेवा, खायला द्या, भराभर वाढतात. पुढे सापवाल्यांना हे आयतंच मिळालं.

मग आला बॉल पायथन. घाना, टोगो, बेनिनमधून जंगलातले पकडलेले हे अजगर अमेरिकेत हजारोंनी यायला लागले आणि आल्यावर महिनोन्‌महिने उपाशी बसायचे, समोर पांढरा उंदीर मेलेला पडलाय तर ते त्याला अन्नच समजायचे नाहीत, कारण ओठांवरच्या खाचांनी ते भक्ष्याची उष्णता ओळखतात आणि हा तर थंडगार! म्हणून जिवंत द्यायची सवय पक्की झाली. १९९२ मध्ये पहिला अल्बिनो (अंगात काळा रंगच नसलेला) बॉल पायथन पैदास करून मिळाला, मग रंगांचं वेडच लागलं, आणि पिंजऱ्यातच जन्मलेल्या पिल्लांना कोमट पाण्यात गरम केलेला, चिमट्याने हलवलेला मेलेला उंदीर खायला शिकवणं बरंच सोपं गेलं.

जिवंत उंदराचा खरा धोका मात्र काचेच्या पेटीमुळे आहे. रानात साप चुकला तर उंदीर पळतो. पेटीत पळायला जागाच नाही, आणि सापाला भूक नसेल तर रात्रभरात तोच उंदीर सापाला कुरतडतो, डोळा जातो, पाठीचं मांस जातं, कधी सापच मरतो. म्हणूनच जिवंत देणारेसुद्धा सांगतात, समोरून हलू नका, खाल्लं नाही तर काढून घ्या.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी साप घरात ठेवता येत नाहीत (नागपंचमीला दूध पाजणारे आपण, उंदराचा विषय निघतो कुठे!), पण परदेशी साप पाळणारे आहेतच, २०२० मध्ये केंद्राने असे प्राणी स्वतःहून जाहीर करायची योजनाही आणली.

फ्रीजरवाला मार्गही अगदी निर्धोक नाही हं. २०१० मध्ये अमेरिकेत साल्मोनेला या माणसाचं पोट बिघडवणाऱ्या जंतूमुळे गोठवलेले उंदीर बाजारातून परत मागवावे लागले, कारण गोठवल्याने हा जंतू मरत नाही. त्यामुळे उंदीर आइस्क्रीमच्या शेजारी ठेवायचे नाहीत, स्वयंपाकाच्या मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात गरम करायचे नाहीत, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.