अँपिअर वेगळे, अँपिअर-अवर वेगळे

"चारही मोटर एकदम चालू केल्या की कॅमेरा बंद पडतो. आता मोठ्या अँपिअर-अवरची बॅटरी घेतो." घरच्या घरी पाण्याखालचा रोबोट बनवणाऱ्यांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट लिहायलाच हवं. ही बॅटरी बदलून बहुतेकदा काहीच सुटत नाही, पैसे मात्र जातात.

व्होल्टेज तुम्हाला माहीत आहे. सेल सिरीजमध्ये जोडले की व्होल्ट वाढतात, पॅरलल जोडले की क्षमता. मोठ्या अँपिअर-अवरची बॅटरी लावली म्हणून १२ व्होल्टची मोटर जळत नाही, कारण किती करंट ओढायचा हे मोटर आणि तिच्यावरचा लोड ठरवतात. इथवर ठीक.

घोळ पुढे होतो. अँपिअर-अवर म्हणजे बॅटरीत एकूण साठा किती. अँपिअर म्हणजे त्यातून एका क्षणी किती ओढता येईल. साठा मोठा असला की ओढताही जास्त येतं, हे गृहीतच चुकीचं आहे.

१८६५० आकाराचे (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) दोन लिथियम सेल शेजारी ठेवा. बाहेरून अगदी सारखे. एकावर ३.४ अँपिअर-अवर, दुसऱ्यावर २.५. पहिला जास्त काळ टिकावा म्हणून बनवलेला आहे, त्यातून साधारण ५ ते ७ अँपिअरच्या पुढे ओढू नये. दुसरा ड्रिल मशीनसारख्या हत्यारांसाठीचा, तो २० अँपिअर देतो. आता तीन सिरीज, दोन पॅरलल असा सहा सेलचा पॅक बांधा. पहिल्या सेलचा पॅक ६.८ अँपिअर-अवरचा, पण मर्यादा फार तर १४ अँपिअर. दुसऱ्याचा फक्त ५ अँपिअर-अवरचा, पण ४० अँपिअर देणारा. प्रत्येकी ४ अँपिअरच्या चार मोटर एकदम चालल्या तर लागतात १६. म्हणजे आकडा मोठा असलेला पॅकच इथे कमी पडतो: सेल तापतात, व्होल्टेज खाली बसतं, कंट्रोलर रीसेट होतो, नाहीतर बीएमएस (पॅकचं रक्षण करणारं सर्किट) सगळंच तोडतं आणि रोबोट तळाशी गप्प पडून राहतो.

म्हणून दोन वेगळे हिशेब करा. सगळ्या मोटरचा मिळून सर्वांत जास्त करंट किती, यावरून सेलचा प्रकार, वायर आणि फ्यूज ठरवा. सरासरी करंट किती, यावरून अँपिअर-अवर. सरासरी ६ अँपिअर आणि ४० मिनिटं चालवायचं असेल तर ४ अँपिअर-अवर लागतात. सेल तळापर्यंत रिकामे करायचे नाहीत, म्हणून ५ धरा.

७ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी यात हमखास फसवते. तो आकडा सहसा २० तासांत हळूहळू रिकामी करण्याचा असतो, म्हणजे जेमतेम ०.३५ अँपिअरने. ६-७ अँपिअर ओढलेत तर ती तासभरही पुरत नाही. लिपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) छापलेल्या सी-रेटचंही तेच; अँपिअर-अवरच्या आकड्याच्या किती पट अँपिअर ओढता येतात, ते हा आकडा सांगतो. ५ अँपिअर-अवर आणि २० सी म्हणजे कागदावर १०० अँपिअर होतात, मी निम्मेच धरतो.

आणि मोटरचा करंट हवेत मोजू नका, हे कळकळीने सांगतो. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन आहे. पंखा लावून, मोटर टबमध्ये घट्ट धरून, पूर्ण वेगावर मोजा. हवेत १ अँपिअर दाखवणारी मोटर तिथे सहज ४ दाखवते. पंख्यात शेवाळ अडकून ती जाम झाली तर करंट ठरवायला उरतो फक्त वाइंडिंगचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा रोध: १२ व्होल्ट, ०.६ ओहम, म्हणजे २० अँपिअर. त्यामुळे प्रत्येक मोटरला स्वतंत्र फ्यूज, आणि मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलला लागून.

ब्रश मोटर (आत घासत वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे असलेली) की ते नसलेली ब्रशलेस, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पहिल्या रोबोटला बिल्ज पंपाच्या (बोटीत साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) मोटर उत्तम. पुढे ब्रशलेसच घ्या, तिचं वाइंडिंग आणि बेअरिंग पाण्यात चालणारं असेल तर शाफ्टच्या सीलची कटकट जाते.

बॅटरी काठावर ठेवून केबलने वीज देणार असाल तर आधी तारेचा हिशेब करा. १५ मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन ३० मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरच्या तारेत १० अँपिअरला सुमारे ५ व्होल्ट वाटेतच जातात. १२ मधले ७ मोटरला मिळतात, आणि काठावर कितीही अँपिअर-अवर ठेवलेत तरी हा आकडा हलत नाही. तार जाड करा, किंवा व्होल्टेज चढवून पाठवा आणि रोबोटमध्ये कन्व्हर्टरने उतरवा.