पाच वॅटचा अँप आणि ‘आवाज वाढवणं’ : थोडी पार्श्वभूमी

जुन्या धाटणीचे गिटारचे छोटे वॉल्व्ह अँप, म्हणजे काचेच्या नळ्यांवर (वॉल्व्हवर) चालणारे अँप्लिफायर, आता लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या पोरांकडेही दिसू लागलेत. कुणी किट मागवून घरीच जोडतं, कुणी पुण्या-मुंबईहून वापरलेला आणतं. पहिल्या तालमीत ड्रमवाल्याने जरा हात मोकळा केला की गिटार गायब होते, आणि मग प्रश्न सुरू होतात : मोठा वॉल्व्ह बसवू का, रेक्टिफायर (घरातली वीज एका दिशेची करणारा भाग) बदलू का, मागचा तो अमुक रेझिस्टर तोडून टाकू का. हे प्रश्न सत्तरेक वर्षं जुने आहेत. मराठवाड्यात त्यांना एक वेगळा पदर आहे, कारण आपल्याकडे मंडपवाल्याचं मशीन आधी आलं आणि गिटार नंतर.

या अँपकडून मोठ्या आवाजाची अपेक्षा मुळात कुणी केलीच नव्हती. १९४८ साली, म्हणजे आपल्याकडे रझाकारांचा जाच संपला त्याच साली, कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने शिकाऊ लोकांसाठी सगळ्यात छोटा अँप काढला. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारसोबत असे अँप खपत. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर त्याचं जे सर्किट ठरलं, ‘५एफ१’ नावाचं, तेच आजच्या बहुतेक किटमध्ये येतं : एक १२एएक्स७ (सिग्नल फुगवणारा पहिला वॉल्व्ह), एक ६व्ही६ (स्पीकरला ढकलणारा शेवटचा वॉल्व्ह), एक ५वाय३ रेक्टिफायर आणि आठ इंची स्पीकर. ६व्ही६ हा मूळचा रेडिओतला वॉल्व्ह, म्हणून स्वस्त. स्पीकरला ढकलायला हा एकटाच वॉल्व्ह, तोही सतत चालू राहणारा. घेतलेल्या विजेतला निम्म्याहून बराच भाग उष्णतेत जातो आणि स्पीकरपर्यंत पाचेक वॅट पोचतात. घरात, क्लासमध्ये, स्टुडिओत तेवढे पुरत.

पुढे साठच्या दशकात मैदानं मोठी झाली, गाण्याचे माइक मात्र दुबळेच राहिले. मागच्या रांगेपर्यंत गिटार पोचवायची तर अँपनेच पोचवायची, म्हणून शंभर-शंभर वॅटचे अँप निघाले. छोटा अँप तेव्हा स्टुडिओपुरता उरला. नंतर सभागृहातली ध्वनियंत्रणा सुधारली, आणि मोठा अँप स्टेजवर अडचण वाटू लागला. हा प्रवास थोडक्यात आटोपतो, कारण आपल्या गल्लीत तो घडलाच नाही.

आपल्याकडे आधी रेडिओ. निजामी राजवटीत औरंगाबादला स्वतःचं रेडिओ केंद्र होतं. १९४७ साली संस्थानांची जी मोजकी केंद्रं देशात होती त्यांतलं ते एक. त्यामागून मशीन आलं. मशीन म्हणजे मंडपवाल्याचा अँप्लिफायर, दिल्लीच्या त्या कंपनीचा. नाव सांगायची गरज नाही, प्रत्येक गावात एक तरी होताच. पंचवीस-तीस वॅटचं मशीन, दोन भोंगे, एक माइक. लग्न, सप्ताह, उरूस, निवडणूक, कव्वालीचा मुकाबला, भीमगीतांची गायन पार्टी, सगळं त्यावर. वरातीतल्या बेंजो पार्टीने पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) लावलेला बेंजोही थेट मशीनला जोडला. गिटार आली तेव्हा तीही ऑर्केस्ट्रात त्याच वाटेने गेली. वाद्याला स्वतःचा वेगळा अँप असतो, तो वाद्याचाच भाग असतो, ही कल्पना त्यामुळे इकडे रुजली नाही. जागा आधीच भरलेली होती.

भोंग्याचं एक मात्र लक्षात घ्यायला हवं होतं, ते आपण घेतलं नाही. पंचवीस वॅटमध्ये त्याचा आवाज शिवारापलीकडे जायचा तो मशीनच्या ताकदीवर नव्हे. भोंग्याचं युनिट एका वॅटला एका मीटरवर १०५ ते ११० डेसिबल देतं. छोट्या अँपमधला आठ इंची स्पीकर तेवढ्याच विजेत साधारण ९० ते ९३ देतो. उत्तर पन्नास वर्षं आपल्या मंदिरावर आणि मशिदीवर टांगलेलं होतं, आणि आपण मशीनवरचा आकडा वाचत बसलो.

त्या आकड्याने आणखी घोळ केला. नव्वदच्या दशकात लातूरच्या गंजगोलाईत किंवा संभाजीनगरच्या गुलमंडीवर घेतलेल्या टेपवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असायचं. खरी सलग ताकद दहा-वीस वॅट. एका क्षणाचं कागदावरचं शिखर धरायचं, सगळ्या स्पीकरांची बेरीज करायची आणि वर थोडी हौस. त्या हजारावर वाढलेल्या माणसाला पाच हा आकडा खेळण्यातला वाटणारच. खरा हिशेब असा : ताकद दुप्पट केली की फक्त तीन डेसिबल वाढतात, तेवढा फरक कानाला जेमतेम ‘हां, थोडं वाढलं’ इतकाच वाटतो. आवाज दुप्पट झाला असं वाटायला ताकद साधारण दहापट लागते. पाच वॅटवाल्याला पन्नास.

यात भर ‘आवाज’ या शब्दाची. माणसाचा गळा म्हणजे आवाज, पोरांचा गलका म्हणजे आवाज, वाद्याचा पोत म्हणजेही आवाज. ‘आवाज वाढव’ म्हटलं की ऐकणाऱ्याने काय वाढवायचं? अँपच्या आत दोन वेगळी कामं चालतात. पिकअपकडून आलेला नाजूक सिग्नल किती फुगवायचा हे पहिल्या वॉल्व्हचं काम. स्पीकरला ढकलायला किती जोर लावायचा हे शेवटच्याचं. ५एफ१ मध्ये आवाजाचं बटण १२एएक्स७ च्या दोन अर्धुकांच्या (एकाच नळीत दोन वॉल्व्ह असतात) मधोमध बसलेलं आहे. ते निम्म्यावर गेलं की ६व्ही६ ची कुवत जवळपास संपते. त्यापुढे बटण फिरवलं तर आवाज मोठा होत नाही, फाटतो.

फाटणं! मशीनवाल्याच्या भाषेत याच्याइतकी वाईट गोष्ट नाही. गाणाऱ्याचा आवाज फाटला की पैसे कापले जातात. गिटारवाल्याला मात्र नेमकं हेच हवं असतं. काठावरचं, जोरात छेडलं की फाटणारं आणि हलक्या हाताला स्वच्छ राहणारं. त्यामुळे एकाच अँपबद्दल दोघं बोलतात तेव्हा एक जण दुखणं सांगत असतो आणि दुसरा गुण. वादक म्हणतो ‘आवाज वाढवा’, कारागीर पहिल्या टप्प्याची फुगवण वाढवून देतो, मग अँप आधीच फाटायला लागतो आणि ड्रमपुढे तितकाच मुका राहतो. सिग्नल वाढवणारी पेडलं साठच्या दशकापासून आहेत. तीही भरलेल्या घागरीत पाणी ओतण्याचंच काम करतात. त्यात मधल्या पट्टीला धार आली तर गर्दीतून गिटार जरा वर येते, तेवढाच खरा लाभ. रेझिस्टर तोडायच्या सल्ल्याचंही तेच. स्पीकरकडून मागे येणारा २२ किलोओहमचा तो एक रेझिस्टर काढला की अँप उनाड होतो, ताकदवान होत नाही.

लातुरात एका जुन्या रेडिओ कारागिराकडे मी माझा अँप उघडलेला पाहिला, तो प्रसंग डोळ्यासमोर आहे. चाचांनी मागची फळी काढली, डावा हात खिशात घातला आणि उजव्या हाताने कंडेन्सरमध्ये साठलेली वीज उतरवली. वीज बंद केली तरी त्यात तीनशेच्या वर व्होल्ट दबा धरून असतात. दोन्ही हात आत घातले तर वाट छातीतून जाते, म्हणून एक हात खिशात. मग अँप चालू करून पेन्सिलीच्या रबराने प्रत्येक वॉल्व्हवर टिचकी. १२एएक्स७ वर मारली तशी स्पीकरमधून घंटेसारखं ‘टण्ण’ आलं. ‘ये गया,’ म्हणाले. नंतर मीटर प्लगात घातला आणि हसले. ‘एकसौ अस्सी है. वोल्टेजच नै आरा, आवाज कहाँसे आइंगा?’

हा पदर परदेशी माहितीत सापडत नाही. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. वीज असायची तेव्हाही रब्बीच्या मोटारी सुरू झाल्या की दिवे पिवळे पडायचे. २३० च्या जागी १८० आले की वॉल्व्हमधली ६.३ व्होल्टवर तापणारी तार पाचच्या खाली जाते, आणि पाच वॅटचे तीनच्या आसपास उरतात. दोन डेसिबल तिथेच गेले. बरा स्टॅबिलायझर हा इथे सगळ्यात स्वस्त बदल होता, आणि तो कुणी सुचवत नव्हतं. अमेरिकेहून थेट आणलेल्या अँपला तर आधी ११०-१२० चा डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो.

सगळ्यात जास्त वाद मोठ्या वॉल्व्हवरून होतो. ६व्ही६ काढून तिथे ६एल६ घाला, पायांची जोडणी जुळते, आवाज वाढेल. बसतो खरा. पण तापणाऱ्या तारेला ६व्ही६ ०.४५ अँपिअर घेतो, ६एल६ ०.९, मूळ ट्रान्सफॉर्मर त्या दुप्पट ओझ्यासाठी गुंडाळलेला नसतो. बदल्यात पाचाचे सात वॅट झाले असं धरलं तरी दीड डेसिबल. मी स्वतः हा उद्योग केलाय, तोही मे महिन्यात, बेचाळीस अंशांत. विकणाऱ्याने ‘काही होत नाही’ असं सांगितलं होतं. तासाभराने खोलीत वार्निश भाजल्याचा वास आला. ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळून घेतला, त्या पैशात बारा इंची स्पीकर आला असता. म्हणून या बाबतीत माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करू नये. ज्यांचा ट्रान्सफॉर्मर भरभक्कम आहे आणि गुंडाळतानाच हा विचार केलेला आहे, त्यांचं चालतं, एवढं मान्य.

बारा इंची चांगला गिटार स्पीकर ९७ ते १०० डेसिबलचा असतो. आठ इंचीपेक्षा सहा डेसिबल जास्त धरले तरी पाच वॅटचा अँप वीस वॅटचा असल्यासारखा लागतो, आणि आत एकही सांधा तोडावा लागत नाही. स्पीकरचे ओहम मात्र अँपच्या मागे लिहिलेल्या आकड्याशी जुळवायचे, आणि स्पीकर न जोडता वॉल्व्ह अँप वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. अँप जमिनीवरून उचलून प्लास्टिकच्या खुर्चीवर, भिंतीला पाठ लावून ठेवला तरी फरक पडतो. गुडघ्यांना ऐकू येऊन उपयोग काय?

तिकडे परदेशात गंमत अशी की सत्तरच्या दशकापासून निम्मी खटपट उलट दिशेने चालली. वेगळं मास्टर व्हॉल्यूम आलं, मग अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून ताकद शोषून घेणारे डबे आले. फाटलेपण हवं, पण शेजारी नकोत. आपल्याकडे शेजाऱ्यांसाठी २००० सालचे ध्वनिनियम आहेत : निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि दहानंतर लाऊडस्पीकर बंद. ड्रमसोबत वाजणारा पाच वॅटचा अँपही त्यात बसत नाही, डीजेचं तर विचारूच नका. तरी छोटा अँप स्टेजवर ठेवून त्याच्यापुढे माइक लावायचा आणि पुढचं काम मशीनवर सोपवायचं, ही वाट आता इथल्या पोरांनी धरली आहे.

गेल्या गणपतीत मीही तेच केलं. बारा इंची खोका, खुर्चीवर अँप, जाळीपुढे माइक, बटण सहावर. पहिल्या गाण्याच्या मध्येच साउंडवाला पोरगा वाकून स्टेजवर आला. ‘सर, तुमचा आवाज फाटायलाय. वायर बदलू का?’ मी मान हलवली, त्याने होकार समजला. वायर बदलली, तरी फाटतच होता. मग तो मिक्सरवर गेला, माझ्या चॅनेलचा ट्रेबल पार खाली ओढला, आणि शेवटच्या आरतीपर्यंत तो तसाच राहिला.