एडवर्ड की दमास्क? कात्री लावण्याआधी एवढं बघा

दर वर्षी मार्चमध्ये ओळखीचं कुणीतरी फोटो पाठवतंच. कुंपणाच्या भिंतीलगत छातीएवढं वाढलेलं गुलाबाचं झाड, पानं टवटवीत, फूल एकही नाही. खाली प्रश्न: "देशी गुलाब आहे, सुगंधी म्हणून आणला होता. दोन वर्षं झाली, फुलतच नाही. काय घालू?"

काही घालू नका. छाटणी कधी केलीत तेवढं सांगा. उत्तर जवळजवळ नेहमी ठरलेलं असतं: "सगळ्या गुलाबांबरोबरच, दसऱ्याच्या सुमाराला." तिथेच सगळं बिनसलेलं असतं.

या घोळाचं मूळ 'देशी गुलाब' या नावात आहे. गुलकंदाचा गुलाब, गावठी गुलाब, वासाचा गुलाब अशा नावांखाली आपल्याकडे दोन वेगळी झाडं विकली जातात. एक एडवर्ड, दुसरा दमास्क. दोघंही झुडपासारखी वाढतात, दोघांची फुलं गुलाबी, पाकळ्या भरगच्च, वास मन भरून टाकणारा. आणि खरं सांगायचं तर दोघंही मूळचे इथले नाहीत. म्हणून 'देशी' हा शब्द मला नर्सरीच्या पाटीवर दिसला की खटकतो. त्यातून झाडाची काहीच ओळख पटत नाही.

एडवर्ड बहुतेकांच्या ओळखीचा असतो. आजीच्या अंगणात काडी खोचली आणि लागली, असा जो गुलाब असायचा तो बहुधा हाच. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचं हे वाण. त्या बेटाचं जुनं नाव बूर्बाँ. तिथे शेताच्या कडेला दमास्क आणि चिनी गुलाबाची कुंपणं असत, आणि या दोघांच्या आपोआप झालेल्या संकरातून हा गुलाब आला. १८१७ च्या सुमारास ब्रेऑन या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाच्या तो नजरेस पडला, बिया फ्रान्सला गेल्या आणि बूर्बाँ गुलाबांचं अख्खं घराणं उभं राहिलं. म्हणजे दमास्क हा एडवर्डच्या आईबापांपैकी एक. वास तिकडूनच आला. दोघांत गल्लत होते ती याच नात्यामुळे. दुसरा जो चिनी गुलाब, त्याने वेगळीच देणगी दिली: पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय. सगळा फरक या एका देणगीत आहे.

एडवर्डची नवी फूट निघाली की तिच्या टोकाला कळी येते. ऑक्टोबरात छाटा, साधारण दीड महिन्यात फुलं. फुलं झाली की दोन-तीन डोळे (फांदीवर जिथून नवी फूट निघते त्या जागा) खाली कापा, पुन्हा फूट, पुन्हा फुलं. कुंडीतल्या कुठल्याही कलमी गुलाबाला आपण हेच करतो, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

दमास्कचं तसं नाही. अत्तर आणि गुलाबजल काढण्यासाठी उत्तर भारतात कनौज, अलीगढ, हाथरस भागात आणि राजस्थानात जो लावतात, तो वर्षातून एकदाच बहरतो. मैदानी भागात हा बहर मार्च-एप्रिलचा, हिमाचलात थोडा उशिरा. हळदीघाटीकडे त्याला 'चैती गुलाब' म्हणतात. महिना नावातच आहे. आणि ही फुलं आज फुटलेल्या कोवळ्या धुमाऱ्याच्या टोकाला येत नाहीत. गेल्या पावसाळ्यात वाढलेली लांब फांदी पक्व व्हावी लागते, तिने थंडी काढावी लागते, मग तिच्या डोळ्यांतून आखूड फुटी निघतात आणि त्यांवर झुपक्याने कळ्या येतात.

नाशिककडच्या वाचकांना हे दोन वाक्यांत कळेल. द्राक्षाला एप्रिलची खरड छाटणी असते काडी तयार करायला, आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी घड काढायला. घड बाहेर दिसतो ऑक्टोबरनंतर, पण तो काडीच्या डोळ्यात आधीच ठरलेला असतो. चुकीच्या वेळी काडी कापली तर घडच कापला. दमास्कचं गणित याच जातीचं आहे. फक्त त्याच्या डोळ्याला मध्ये थंडी हवी.

दसऱ्याला आपण त्याच्यावर कात्री चालवतो तेव्हा पावसाळाभर मेहनतीने वाढवलेली काडी जाते. ऑक्टोबर हीटमध्ये झाड नवी, मऊ, पानाळ फूट काढतं. ती पक्व व्हायच्या आत थंडी येते आणि जाते. मार्चमध्ये झाडाकडे पानं असतात, फुलण्याजोगी काडी नसते. पुढच्या दसऱ्याला पुन्हा तेच. दोन वर्षांनी फोटो माझ्याकडे येतो. मग लोक खतं वाढवतात. नत्राने पानं आणखी माजतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण झाडात काहीही दोष नसतो.

त्याचं वेळापत्रक असं ठेवा. बहर संपला की मे-जूनमध्ये जुनाट, जाड, खवलेदार झालेल्या फांद्या बुडातून काढा, म्हणजे पावसाळ्यात बुंध्यातून नव्या काड्या येतील. त्यांना वाढू द्या. कितीही ताडमाड वाढल्या तरी दसऱ्या-दिवाळीत हात लावू नका. नोव्हेंबरपासून खत बंद, पाणी कमी. संत्र्या-मोसंबीला बहार धरताना ताण देतात तसाच हा ताण, फक्त कुंडीत असेल तर झाड सुकून जाणार नाही इतपत. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उरलेली पानं हाताने खुडा, काड्यांचा शेंड्याकडचा एक तृतीयांश भाग काढा, बुंध्याशी कुजलेलं शेणखत घाला आणि पाणी सुरू करा. मार्चमध्ये कळ्या दिसतात. बहर तीन-चार आठवड्यांचा. तेवढ्या दिवसांत सूर्य वर यायच्या आत अंगणात जा. ऊन चढलं की वास उडून जातो. अत्तरवाले फुलं पहाटे तोडतात ते उगीच नाही.

आता घरातलं झाड कोणतं हे कसं ओळखायचं? रंगावर जाऊ नका. दमास्क फिका गुलाबी असतो, एडवर्ड एक छटा गडद, पण एप्रिलच्या उन्हात एडवर्डही फिकटतो आणि फोटोत दोघं सारखेच दिसतात. काटे बघा. दमास्कच्या फांदीवर लहानमोठे, वाकडे-सरळ काटे आणि मध्ये केसांसारखी बारीक लव अशी गर्दी असते, बोट ठेवायला जागा मिळत नाही. एडवर्डचे काटे सुटे आणि आकड्यासारखे. मग पान उलटं करून अंगठा फिरवा. दमास्कचं पान करडसर हिरवं, खालून मऊ लवदार लागतं. एडवर्डचं गुळगुळीत. फुलाच्या खालचा भाग दमास्कमध्ये लांबट, सुरईसारखा असतो. हे सगळं बघायला एक मिनिट लागतं.

त्याहून सोपी खूण मी पैसे घालवून शिकलो. काही वर्षांपूर्वी 'दमास्क, अत्तराचा गुलाब' अशी पाटी लावलेलं रोप मी दुपटीने पैसे देऊन आणलं. श्रावण चालू होता आणि रोपावर तीन फुलं होती. ती फुलं बघूनच मी भुललो, आणि त्याच फुलांनी मला सावध करायला हवं होतं. श्रावणात फुललेला गुलाब अत्तराचा दमास्क नसतो. तो एडवर्ड निघाला. झाड उत्तम आहे, अजून फुलतं, पण मला हवं होतं ते ते नव्हतं.

उलटाही प्रकार होतो. कलमी गुलाब आणलेला असतो, तीन वर्षांनी तो "आपोआप देशी झाला" असं लोक कौतुकाने सांगतात. झाड बदलत नाही. आपल्याकडे एडवर्ड खुंट म्हणूनही, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं झाड म्हणूनही वापरतात. वरचं कलम मेलं, डोळा भरलेल्या जागेच्या खालून खुंट फुटला, एवढंच झालेलं असतं.

बाकी गोष्टी दोघांना सारख्याच. पाच-सहा तास ऊन, पाण्याचा निचरा, निंबोळी पेंड, पावसाळ्यात काळे ठिपके पडलेली पानं वेचणं. काडीने दोन्ही लागतात, एडवर्ड जास्त बिनबोभाट.

छोट्या बागेसाठी मला विचाराल तर मुंबईत, कोकणात, गोव्यात दमास्कच्या नादी लागू नका. तिथे त्याला हवी ती थंडी नाही, आणि चार-पाच फूट जागा अडवून बसलेलं नुसतं हिरवं झुडूप बघणं जिवावर येतं. एडवर्ड लावा, वर्षभर गुलकंदापुरती फुलं देईल. पुणे, नाशिक, निफाड, जुन्नर या पट्ट्यात डिसेंबरच्या रात्री दहा अंशांच्या आसपास उतरतात, तिथे दमास्क जमतो. पण जागा एकाच झाडाची असेल तर तिथेही मी एडवर्डच लावीन. दमास्क दुसरं झाड म्हणून आणा, आणि आणलात तर लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेचं 'नूरजहाँ' असं नाव घेऊन मागा. नुसतं 'देशी' म्हणून मागाल तर पुन्हा श्रावणात फुलणारं रोप हातात येईल.

जागा कमी आहे म्हणून काड्या आखूड करण्यापेक्षा त्या आडव्या करा. डिसेंबरअखेरच्या छाटणीनंतर लांब काडी हळूहळू वाकवून कुंपणाच्या तारेला केळीच्या सोपटाने बांधायची. एका दिवसात वाकवली तर मोडते, म्हणून आठवडाभर रोज थोडी थोडी. उभ्या काडीला शेंड्याकडचे दोन-चार डोळेच फुटतात. आडवीवर बुंध्यापासून टोकापर्यंत प्रत्येक डोळा जागा होतो, आणि मार्चमध्ये तारेवर कळ्यांची रांग लागते.